पुसलेली पूररेघ

१० मे
मी सांगतेय आणि कॉलेजात जाणारी माझी नात अंकिता लिहितेय. मला अक्षर येत न्हाई, पण सत्तर वर्षांत जीभ कधी रिकामी बसली न्हाई. तिला बजावलंय, पदरचं शहाणपण घालायचं न्हाई.

आज आमी पाटणच्या डोंगरातनं सांगलीत उतरलो. माझा लेक मानसिंग पलटणीतनं पेन्शनीत आला आणि त्यानं नदीकडंला हे तयार घर घेतलं. लादी इतकी गुळगुळीत, की पहिल्याच पावलाला मी घसरले. सून मंगल हसली, मग मीबी हसले. खिडक्या लय मोठ्या हायत. शेजारपाजाऱ्यांच्या घरात काय शिजतंय ते बसल्या जागी कळतंय.

११ मे
पुढच्या खोलीत, छताच्या खाली दोन वीत, भिंतीवर निळ्या रंगाची आडवी रेघ हाय. शेजारी आकडे, अंकितानं वाचले, २०१९. शेजारची मनुबाई चहाला आली, तिनं सांगितलं, पुराचं पाणी जिथवर चढलं तिथं हितली माणसं रेघ मारतात. घराला नवा रंग दिला तरी रेघ सोडून देतात, पुसत न्हाईत. मानसिंगच्या कपाळाला आठ्या पडल्या. उद्या पुराच्या विम्याचा माणूस यायचाय.

१२ मे
मानसिंगनं स्टुलावर चढून रेघ खरवडली, वर चुना फासला. विम्याच्या माणसानं नकाशा पसरला. निळ्या रेषेच्या आत नेहमीचा पूर येतो, तांबड्या रेषेच्या आत मोठा. आमचं घर निळीच्या आत. मानसिंग म्हणाला, नकाशा चुकलाय, हितं पाणी कधी चढलंच न्हाई. तसंच विम्याच्या अर्जावर लिहून सहीबी ठोकली. मी म्हणाले, नदीला तरी कुठं वाचता येतंय, माझ्यासारखीच अडाणी ती. विमावाला हसला. मानसिंग न्हाई हसला.

१५ मे
पाऊस न्हाई, पाणी न्हाई, पण घरात कुजक्या माशाचा वास. भिंतीला बुडापासनं वीतभर शेवाळ आलंय. बोट लावलं तर शेंबडासारखी तार निघाली. मंगलनं फिनेल ओतलं, मग वास आणखीनच चढला.
मानसिंगच्या घोट्यावर गाळाची पट्टी हाय. साबणानं घासली, दगडानं घासली. जात न्हाई.

१७ मे
भिंतीवर शेवाळ गुडघाभर, मानसिंगच्या अंगावर गाळबी गुडघाभर. पट्टीखालची कातडी पांढरीफटक, चार दिवस पाण्यात राहिलेल्या मढ्यासारखी. बोटांच्या फटीतनं जळवा निघाल्या, मूठभर. मी ताटावरनं उठले.
मनुबाई दारातनंच म्हणाली, ज्यानं पुसली त्याच्याच हातानं रेघ परत मारा, न्हाईतर तो जगत न्हाई. मानसिंग म्हणतो, विमावाला घराचे फोटो काढायला परत यायचाय, तो जाऊ दे, मग बघू. मी म्हणाले, आरं, पलटणीत गोळीला भ्याला न्हाईस आणि आता एका सहीला भितोस व्हय रं?

१९ मे
कंबरेला आलं. खोकल्यातनं गाळ पडतोय. गाळात बेडकाची पिल्लं, जिती. मंगल ओकली. मीबी.
अजून म्हणतोय, फोटो होऊ दे.

२० मे, सकाळ
गळ्याला आलं. आता मारतो म्हणाला. उभं राहवेना. ब्रश धरला, तर बोटांची कातडी मोज्यासारखी सुटून दांड्याला चिकटली —
मी त्याचा हात माझ्या हातात घेतला. नुसता निसटत होता. दोघांनी मिळून रेघ मारली. मी केवढीशी — माझा हात पोचला तिथं. जुन्या रेघेच्या लय खाली.

२० मे, दुपार
मानसिंगची पट्टी थांबली. गळ्याखालीच. श्वास घेतोय. मंगल त्याला गाडीत घालून मिरजेला दवाखान्यात घेऊन गेली.
माझ्या घोट्याला गार लागतंय.

२१ मे
छाती. एका रात्रीत. रेघ खोटी पडली — पाणी वर होतं, आमी खाली मारली. दुसऱ्यांदा खोटं —
अंकिता स्टूल आणतेय. न्हाई म्हणाले. ब्रशाला तू हात लावायचा न्हाईस, मग तुझ्याबी —
ही पोरगी रडतेय आणि लिहितेय.
हनुवटी. तोंडात घाण चव, गटारातली, काहीतरी वळवळ — थुंकले, परत —
मानसिंगला सांग, खरं काय ते विमावाल्याला —
अंकिता, लिहायचं सोड आणि पळ, दार उघडं हाय तवर प