नाक्यावरचा निळा कोट

हातखंबा,
शनिवार

प्रिय सानू,

डबा उघडलास की आधी ओले काजूगर फ्रीजमध्ये टाक आणि मग हे पत्र वाच. सोलताना चिकाने माझी बोटं काळी झाली आहेत, तेव्हा कागदावर कुठे डाग दिसला तर आई रडली असं समजू नकोस. पुण्याच्या गाडीवरचा बाबू ड्रायव्हर हवा भरायला बाबांच्या दुकानात थांबेल, त्याच्याच हाती पाठवते आहे. या जमान्यात पत्र, म्हणून तू हसशील. हस खुशाल. पण फोनवर माझं वाक्य अर्ध्यात आलं की तुझी मीटिंग सुरू होते, आणि मला आज माझी सगळी वाक्यं पुरी करायची आहेत.

आधी शिमग्याचं सांगते. देवीची पालखी आपल्याकडे होळीनंतरच्या रविवारी येणार आहे. सुट्टी मिळत नाही असं तू म्हणालीस आणि मीही बाबांना तसंच सांगितलं. त्या दिवशी ते चहा तसाच ठेवून दुकानात गेले. गेल्या वर्षीचं तुला आठवत असेलच. पालखी अंगणात बसली आणि आपल्या वाडीचे मानकरी आप्पा गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. त्यांचा आवाज तो, पार हायवेपर्यंत जाणारा! "ह्या घरच्या लेकीला बरीशी नोकरी लाग दे, फुडच्या साली ती आपल्या हातानं तुझी ओटी भरील!" आणि सगळी वाडी एका सुरात, "व्हय म्हाराजा!" तू लाजून माझ्या दंडाला असा चिमटा काढलास की हिरवंनिळं झालं होतं. नवस बाबांनी बोलायला लावला होता, तोही मला न विचारता. आता त्या ओटीचा खण आणि नारळ आणून मी कपाटात ठेवले आहेत. रोज कपाट उघडलं की खण समोर दिसतो.

इकडे माझा हंगाम ऐन भरात आहे. आंब्याचा नाही, फोनचा. गेल्या वर्षी पास झालेली मुलं कुठे लागली हे प्रत्येकाच्या घरी फोन करून विचारायचं आणि मार्चअखेर त्याची टक्केवारी काढून द्यायची. आमच्या कॉलेजच्या प्लेसमेंट सेलचं वर्षभराचं पुण्य त्या एका आकड्यात मावतं. आमचे सर रोज दारात येऊन उभे राहतात. "मॅडम, यंदा तरी वर जातोय ना?" जणू काही मी पतंग उडवते आहे. घरी बसलेल्या मुलांसाठी त्यांनी एक युक्तीही काढली आहे. त्यांना 'स्पर्धा परीक्षेची तयारी' या रकान्यात घालायचं, म्हणजे ती बेकार दिसत नाहीत. मी म्हटलं, सर, तयारी तर मीसुद्धा गेली कित्येक वर्षं बारीक व्हायची करते आहे, मला कुठल्या रकान्यात घालाल? दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तेवढीच शांतता मिळाली.

पण फोनवर खरं कळणं काही सोपं नाही गं. आपल्याकडे 'मुलगा काय करतो?' या प्रश्नाला 'मुंबईला असतो' हेच उत्तर आहे. त्यापुढे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. आतल्या गावातल्या नितेशची गोष्ट तुला सांगितली नाही बहुतेक. केमिस्ट्रीचा मुलगा, हुशार, पण बोलण्यात कंजूष. त्याच्याकडे फोन केला तो त्याच्या आजीने, सखूआजीने, उचलला. "नितेश व्हय? त्यो मंबयला असतो बाय. बरा हाय." मी विचारलं, कुठल्या कंपनीत? म्हातारी घुटमळली, आणि मागून कोणीतरी हळूच तिला सांगत होतं, "मोठी हाय सांग, मोठी कंपनी." मी म्हटलं, आजी, मागे नितेशच बसलाय ना, त्याला द्या फोन. तर म्हातारी भाबडेपणाने त्याला म्हणते, "घे रे, वळखलान तुला." मुंबईतल्या नोकरीत त्याचं जमलं नव्हतं. तो घरी परत आला होता, आणि वाडीत कोणाला दिसू नये म्हणून दिवसभर आतल्या खोलीत बसत होता.

त्याला मी काही उपदेश केला नाही. दर सोमवारी फोन करत राहिले, एवढंच. कधी पावसाचं बोलायचं, कधी सखूआजीच्या गुडघ्याचं. आता तो लोट्याला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे आणि परवा आपणहून कॉलेजात येऊन पेढे देऊन गेला. म्हणून सांगते, तुझ्यासारखी मी त्या टक्केवारीला नावं ठेवत नाही. तू म्हणतेस ना, माणसं काय टक्क्यात मोजायची! मला वाटतं मोजावीत. मोजायची सक्ती नसती तर पास झाल्यावर त्या पोरांकडे फोन कोणी केला असता? कॉलेज विसरलं असतं, मीसुद्धा विसरले असते. आकडा मागतात म्हणून मी फोन लावते आणि पलीकडे एक माणूस निघतं. त्या माणसाचं काय करायचं ते मात्र आकडा सांगत नाही. ते ज्याचं त्याने ठरवायचं.

तुझी निवड झाली तेव्हा तुझ्या बाबांना काही ठरवावं लागलं नाही. दुसऱ्याच दिवशी नाक्यावर फ्लेक्स! 'कु. सानिका अनिल शिगवण हिची पुणे येथील नामांकित कंपनीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुक म्हणून वाडीतला एकही माणूस सोडला नव्हता. फोटो तुझ्या ओळखपत्रावरचा, आणि फ्लेक्सवाल्याने मनानेच तुला निळा कोट घातला. आयुष्यात कधी न घातलेला कोट अंगात घालून, मान आखडून, तू हायवेकडे बघत होतीस. तू बघितलास तेव्हा आधी पोट धरून हसलीस आणि मग रागावलीस. पण बाबांनी काही तो काढला नाही. पंक्चर काढता काढता ते ट्रकवाल्यांना बोट करून दाखवायचे. तो बिचारा केरळचा नाहीतर राजस्थानचा, त्याला मराठी वाचता येत नाही. तरी हे सांगायचे, "बेटी है, कंप्युटर में." पावसाळ्यात वाऱ्याने एक कोपरा सुटला तर भर पावसात शिडी लावून स्वतः बांधून आले. रंग विटला, पण कोट काही उतरला नाही.

तुझ्या फोनबद्दल एक सांगू? आधी तू ऑफिस सुटल्यावर बोलायचीस, दमलेली, चिडचिडी, कधी जेवता जेवता. दिवाळीनंतर मात्र भर दुपारी बोलायला लागलीस. मला बरं वाटलं. म्हटलं, पोर रुळली, कामातून आईसाठी वेळ काढते. मागे कुकरची शिट्टी ऐकू यायची. एकदा मी विचारलंही, तर तू म्हणालीस कॅन्टीन शेजारीच आहे. कॅन्टीनमध्ये तीन शिट्ट्यांचा कुकर लावतात का गं बये? दुसऱ्याच्या घरात मागे कोण कुजबुजतंय ते मला ऐकू येतं आणि माझ्याच लेकीच्या घरातली शिट्टी मला कळली नाही. कळली असेलही. मला ती कळून घ्यायची नव्हती.

मग गेल्या मंगळवारी माझ्या मोबाइलवर पुण्याहून फोन आला. मुलगी म्हणाली, मी ऋतिका, सानिकाच्या कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमधून बोलते आहे. तू तिचे फोन उचलत नाहीस म्हणून तिने पालकांचा नंबर लावला होता. मला हसूच आलं. मी दिवसभर लोकांना जे विचारते तेच मला कोणीतरी विचारत होतं! ती म्हणाली, "काकू, त्या कंपनीने दिवाळीनंतर नव्या मुलांना काढलं असं कळलं. सानिका सध्या कुठे असते?" आणि सानू, माझ्या तोंडात उत्तर अगदी तयार होतं. 'पुण्याला असते.' सखूआजीसारखंच. मग म्हणावंसं वाटलं, तयारी करते आहे. एवढं सोयीचं उत्तर माझ्याइतकं कोणाला माहीत असणार! पण त्या पोरीचा आवाज इतका दमलेला होता की मला ते जमलं नाही. मी म्हटलं, बाळ, सध्या तिला नोकरी नाही असंच लिही. ती शोधते आहे. आणि एवढं लिहून तिला विसरू नकोस, पुढच्या आठवड्यात तिला पुन्हा फोन कर. तू जेवलीस का? ती म्हणाली, नाही काकू, अजून बरेच फोन राहिलेत. तो फोन ठेवल्यावर मात्र माझ्याच्याने पुढचा एकही फोन झाला नाही. इतके महिने तू एकटीने त्या खोलीत कुकर लावलास, माझ्याशी हसून बोललीस, आणि मी तुला नव्या चादरी घे म्हणून सांगत राहिले. मला फार रडू आलं, सानू. आणि तेव्हा काजूच्या चिकावर ढकलायचीही सोय नव्हती.

बाबांना सांगायची मला भीती वाटत होती. संध्याकाळी दुकानात जाऊन सांगितलं. ते टायर खोलत होते, खोलतच राहिले. मी म्हटलं, तुमच्या नवसाचं आता काय करायचं? तर म्हणाले, "देवीनं तिचा काम केलान गो. नोकरी लावलान. फुडचा कंपनीनं मोडलान, त्यात देवीचा काय नि पोरीचा काय! ओटी तर भरायलाच व्हयी." थोडा वेळ टायरशीच झटले आणि मग इतक्या हळू बोलले की मला जेमतेम ऐकू आलं. "ती त्या फ्लेक्साखालनं कशी येल गो?" मला हे सुचलंच नव्हतं. पुण्याची गाडी नाक्यावर नेमकी तिथेच थांबते. तू उतरलीस की पहिली तूच तुला दिसणार, कोट घातलेली. सुट्टी मिळत नाही असं तू का म्हणालीस ते त्यांना माझ्याआधी कळलं.

काल सकाळी नाक्यावर वर्दळ सुरू व्हायच्या आत आंबे काढायची शिडी घेऊन ते गेले आणि फ्लेक्स उतरवून आणला. कोणी विचारलं तर सांगतात, जुना झाला होता. आता तो परसात लाकडांवर घातला आहे. मी म्हटलं, छपाईची बाजू वर ठेवा, लवकर भिजणार नाही, तर म्हणाले, नको, पोरीचं तोंड उन्हात नको, आणि उलटाच घातला. हे तुला कळावं म्हणून मी हे पत्र लिहिलं. तुला नोकरी नाही हे आम्हाला माहीत आहे आणि नाक्यावर आता काही नाही, फक्त दोन बांबू उभे आहेत. ये. शिमगा होईपर्यंत मी तुझा बायोडेटा मागणार नाही, माझ्यातली प्लेसमेंटवाली बाई तुला नंतर भेटेल. आप्पा विचारतील, त्यांना काय ते मी सांगेन, माझाही आवाज काही कमी नाही. बाबूच्या परतीच्या गाडीत तुझी जागा सांगून ठेवली आहे. उतरलीस की बाबा दुकानातून येतील, हात काळे असतील म्हणून तुला जवळ घेणार नाहीत, नुसती बॅग घेतील. घेऊ दे त्यांना.

तुझीच,
आई