काशम्माचा तास

२० जानेवारी, सोमवार

पहिलाच दिवस — फजिती! लेस्टरहून मोठ्या हौसेने करून आणलेली बासष्ट चित्रं पडद्यावर दाखवली. प्रशिक्षणाला चाळीस शिक्षक. सगळे माना डोलावतायत. प्रश्न विचारा म्हटलं, तर शेवटच्या रांगेतून बिभीषण सर उठले. वैरागकडचे, एकतीस वर्षं नोकरी झालेली.

'मॅडम, तुमच्या वर्गात पोरं किती?'

'सव्वीस. आणि एक मदतनीस.'

'माज्याकडं चार वर्ग हायत. अन् मदतनीस बी मीच.'

हॉल हसला. मीही हसले, पण लागलं. माझाही जन्म वैरागचाच की! चोवीस वर्षं इंग्लंडात शिकवलं म्हणून, दोन आठवड्यांची बिनपगारी रजा टाकून, मी यांना नेमकं काय शिकवायला आले?

२१ जानेवारी

चित्रं बंद. खुर्च्या गोल मांडल्या. म्हटलं, आज तुम्ही सांगा, मी ऐकते. बोलले की लोक! जेवणाची सुटीसुद्धा लक्षात राहिली नाही.

फक्त काशम्मा गप्प. शिक्षणसेविका, चोवीस-पंचवीसची. अक्कलकोटच्या पुढे, सीमेलगतच्या एका वस्तीवर तिची शाळा. काहीही विचारलं की 'व्हय मॅडम'. संपलं.

२२ जानेवारी

काशम्माच्या शाळेचे केंद्रप्रमुख भाकरी मोडता मोडता म्हणाले, 'ती बाई जरा कमीच पडते.' माझ्याही वहीत कालच तिच्या नावापुढे फुली पडली होती.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज तिची शाळा बघितली. कळवलेल्या वेळेच्या अर्धा तास आधीच पोचले. बाहेरूनच गलका ऐकू आला — पोरं ओरडतायत, टाळ्या पिटतायत! खिडकीतून पाहिलं. काशम्मा हरवलेल्या कोकराची गोष्ट सांगत होती, कानडीत; हातवाऱ्यांवरूनच मला कळली. दुसरीतली सुकन्या, मेंढपाळाची पोर, लांडगा होऊन गुरगुरत होती. ही काशम्मा? ती 'व्हय मॅडम'वाली?

मी दारात उभी राहिले आणि सगळं थांबलं. तिने घाईघाईने मराठीचं पुस्तक उघडलं. मगाचा लांडगा पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा.

नंतर टाकीजवळ मला गाठून म्हणाली, 'मॅडम, रिपोर्टात लिहू नका. वर्गात कानडी बोलायचं न्हाय असं केंद्रप्रमुख साहेबांनी बजावलंय. पन ह्यांच्या घरात मराठी न्हाईच की! म्हनून आदी कानडीत सांगते, मग हळूहळू मराठीत आनते. सुकन्या दीड वर्स एक शब्द बोलत नव्हती.'

'मग हे हॉलमध्ये का सांगत नाही तुम्ही?'

'सहा महिन्यांनी कायम व्हायचंय मला.'

रिपोर्टात काय लिहू? काहीच लिहिलं नाही.

२५ जानेवारी

दिवसभर तेच डोक्यात. तिला पुढे हो म्हणणं मला सोपं आहे. माझं परतीचं तिकीट काढलेलं आहे. तिला इथेच राहायचंय, ह्याच साहेबांच्या हाताखाली. दोनदा फोन हातात घेतला. ठेवून दिला.

२७ जानेवारी, सोमवार

ती स्वतःच आली! 'हॉलमधला गुरुवारचा तास मी घेऊ?'

'केंद्रप्रमुख असतील.'

'असू द्या.' पदर बोटाला गुंडाळत होती. मग म्हणाली, 'सुकन्याच्या आईनं इचारलं, पावन्या बाई काय म्हनाल्या? म्या सांगितलं, चांगलं म्हनाल्या. पन तुमाला बघून मी कानडी लपवली, मराठीचं पुस्तक उघडलं, हे न्हाय सांगितलं. लई लाज वाटली मॅडम.'

३० जानेवारी, गुरुवार

कसं लिहू!

काशम्मा फळ्यापाशी आली आणि सुरू झाली ती थेट कानडीत. एक मराठी शब्द नाही. अक्कलकोटकडच्या चौघींना कानडी येतं, त्यांना तिने आधीच गप्प बसवलं होतं. बाकी सगळे एकमेकांकडे बघतायत. तिने बिभीषण सरांना उभं केलं.

'मूरु, ऐदु — एष्टु?'

सर हसले. तिने तेच पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. मग तिसऱ्यांदा, बोट रोखून. सरांचं हसू गेलं. कपाळावर घाम. कोणीतरी फिसकन हसलं आणि त्यांनी खरोखर मान खाली घातली — पन्नाशी उलटलेल्या माणसाने!

मग ती जवळ गेली, आवाज उतरवून म्हणाली, 'मूरु म्हंजे तीन, सर. ऐदु म्हंजे पाच. एष्टु, मिळून किती?'

'आठ!' सर असे ओरडले की सगळा हॉल दचकला.

'तीन अन् पाच तुमाला येत नव्हतं का, सर?' तिने विचारलं. 'माज्या पोरांना बी येतं.'

सर तसेच उभे. म्हणाले, 'एकतीस वर्सांत पयल्यांदा ढ झालो, पोरी. माज्याकडं पारध्यांची दोन लेकरं हायत, येगळ्या बोलीची. मी त्यांना…' खाली बसले.

सगळ्यांचे डोळे केंद्रप्रमुखांकडे. ते बराच वेळ चष्मा पुसत होते. काशम्माचा चेहरा मला बघवेना. शेवटी साहेब उठले. 'बाई, पुढच्या शिक्षण परिषदेत हाच तास घ्या. केंद्रातल्या सगळ्या शाळा येतील.' जरा थांबून, 'मलाही उभं करा.'

टाळ्या! आणि काशम्मा — ती चक्क खुर्चीत बसून रडायला लागली.

३१ जानेवारी

समारोप. बिभीषण सरांनी शेंगाचटणीचा डबा दिला. म्हणाले, त्या दोन लेकरांच्या आईला सोमवारी शाळेत बोलावलंय.

१ फेब्रुवारी

इतके दिवस इथेसुद्धा लिहिलं नव्हतं. लेस्टरला माझ्या वर्गात आयान आहे. सात वर्षांची, सोमालियाची, सप्टेंबरपासून एक शब्द बोललेली नाही. तिचं नाव शिकण्यात अडचण असलेल्या मुलांच्या यादीत मीच घातलं, माझ्या सहीने. आज मुख्याध्यापिकांना मेल केली — नाव काढा, चूक माझी आहे. आणि तिच्या आईला विचारा, मला सोमाली शिकवाल का?