टेपच्या टोकाचा ढिला पत्रा

पाटोदा, मंगळवार संध्याकाळ

बहिणीच्या लग्नासाठी मी बनवत असलेल्या कपाटातल्या सगळ्या फळ्या मिलिमीटरभर आखूड निघाल्या. लई डोकं फिरलं. शेवटी मोजायच्या टेपच्या टोकाचा पत्रा हलवून बघितला, तर तो हलेचना.

अब्बा म्हणाले, "ढिला झालता. मीच हातोडीनं पक्का केला."

अरे, तो पत्रा मुद्दामच ढिला ठेवतात! आतलं माप घेताना तो स्वतःच्या जाडीएवढा मागं सरकतो, म्हणून तर माप बरोबर येतं. पण अब्बांची सुतारकी लाकडी पट्टीवर झाली. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी हातोडी धरली नव्हती. आज धरली, तीही माझ्यासाठी.

"आता हलत न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

"न्हाई अब्बा."

राग अजून गेलेला नाही. उद्या नव्या फळ्या कापायच्या, त्यांना कळू न देता.