वाटणीचं दूध

शिराळा,
मंगळवार, ११ फेब्रुवारी १९४७

प्रिय लालासाहेब,

अक्षर बघूनच पत्र कुणाचं ते ओळखलं असशील. पुडीच्या कागदांवरून अक्षरं गिरवत शिकलेल्या माणसाचं लिहिणं असंच, पाभरीला अवखळ बैल जुंपल्यासारखं, एक ओळ बांधाकडं तर दुसरी विहिरीकडं. तरी शेवटपर्यंत वाच, आणि बसून वाच. उभ्यानं वाचायला घेतलंस तर अर्ध्यावर फाडशील. तीस वर्षांची दोस्ती आहे, एवढं तरी मला कळतं.

काल मी मिरजेला गेलो होतो. माळावरच्या आरोग्यधामात शिरलो आणि आधी तुझ्या आकारामच्या खाटेकडं गेलो, तर खाट रिकामी. सिस्टरबाईंनी माझा चेहरा बघितला आणि घाईघाईनं सांगितलं की तसं काही नाही, त्याच्या वडलांनी त्याला आठव्या दिवशीच उठवून कवठे महांकाळला नेलं. मग डॉक्टरांची गाठ घेतली. खाट, दूध, अंडी, कशाचेच पैसे द्यायचे नाहीत, हे सगळं लोकांनी आजाऱ्यांसाठी दिलेलं आहे, असं त्यांनी तुला सांगितलं, आणि तेच ऐकून तू उठलास म्हणे. "आमचं घराणं देणारं हाय, घेणारं न्हवं," असं बोललास. डॉक्टर मला म्हणाले, पोराचं एक फुप्फुस क्षयानं धरलंय, दुसरं अजून चांगलं आहे. वर्षभर पडून विसावा घेतला आणि पोटाला सकस मिळालं, तर पोर वाचेल.

आता घराण्याची गोष्ट तू डॉक्टरांना सांग, त्यांना पटेल. मला सांगू नकोस. तुझं खरं कारण मला ठाऊक आहे गड्या. तू भ्यालास. दान म्हटलं की तुला पहिल्या लढाईतला बसरा आठवतो.

आठवतंय का? तू तापानं फणफणलेला, छावणीतला डॉक्टर दुसरीकडं गेलेला, आणि मला आईनं शिकवलेला एकच उपाय ठाऊक होता. पाच मुठी तांदूळ आणि माझा नवाकोरा सदरा तुझ्यावरनं उतरवला आणि नदीकाठच्या एका म्हाताऱ्या भिकाऱ्याला नेऊन दिला. दान दिलं की पिडा दानाबरोबर जाते, आणि घेणाऱ्याच्या मानगुटीवर बसते, हे आपण पाळण्यातच ऐकलेलं. तुझा ताप उतरला, आणि मग दोघांनाही घोर लागला की त्या म्हाताऱ्याचं काय झालं असेल. बघायला गेलो तर बाबा माझा सदरा घालून निवांत खजूर खात बसलेला. आपल्याला बघून त्यानं आणखी काही आणलंय का म्हणून हात पुढं केला. मी पोट धरून हसलो. तू मात्र वाटेत गंभीर तोंड करून म्हणालास, "नाथा, त्येला आठ दिसांनी यील बघ." तोच तू आहेस. कुणीतरी आपल्या घरची पिडा दुधाच्या पेल्यात घालून माझ्या आकारामला पाजतंय, असं तुझ्या मनानं घेतलं. नाही म्हणू नकोस. मला हे कळतं, कारण मी याच्या पुढची पायरी उतरून आलोय. ती गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, माझ्या मानसिंगलासुद्धा नाही.

सन एकेचाळीस. मानसिंग आफ्रिकेच्या लढाईवर होता आणि इथं त्याची बायको, आमची बनू, खोकून खोकून चिपाड झालेली. घरात दुसरं बाईमाणूस नाही. मानसिंगची आई त्याच्या लग्नाआधीच गेली, ते तुला ठाऊक आहेच. भावकी म्हणाली, तिच्या माहेरी धाडून दे. पण मुलगा लढाईवर असताना त्याची बायको आजारी म्हणून माहेरी टाकली, असं तोंड घेऊन मी त्याच्यापुढं कसा उभा राहणार होतो? तेव्हा मीच तिला गाडीत घातलं आणि मिरजेला नेलं. सासरा सुनेची शुश्रूषा करतोय म्हणून तिथं लोक वळून बघायचे. ती बिचारी खाटेवरसुद्धा डोक्यावरचा पदर सरकू द्यायची नाही. खोकल्याची उबळ आली की एका हातानं छाती धरायची आणि दुसऱ्यानं पदर.

तिथली रीत अशी, की आजाऱ्याबरोबर आलेल्या माणसांना मागं एक पत्र्याची पडवी, तीत चुली. जळण मिळायचं, ज्वारी मिळायची, म्हणजे आजाऱ्याचं माणूस उपाशी मरू नये. आणि सकाळी आजाऱ्याच्या वाटणीचं दूध आमच्या हातात द्यायचे. ते आपल्या चुलीवर तापवायचं आणि आपल्या माणसाला नेऊन पाजायचं. पहिल्याच दिवशी मी विचारलं, हे दूध कुणाचं. चुलीजवळची एक बाई म्हणाली, "नाव सांगत न्हाईत. दान हाय." झालं. नाव न सांगता कोण देतं? ज्याला पिडा टाळायची असते तोच. आम्ही नाही का शनिवारी तेल आणि उडीद देताना तोंड फिरवून देत? लालासाहेब, मी ते दूध तापवायचो आणि पडवीमागच्या कडुनिंबाच्या बुडाशी ओतायचो. बनूला सांगायचो, डॉक्टरांनी दूध बंद केलंय, ही नाचणीची आंबील घे. एकवीस दिवस मी हे केलं. शिकल्यासवरल्या माणसाला असली चूक करता यायची नाही, त्याला आपल्यासारखंच गाढव असावं लागतं.

दर शनिवारी आजाऱ्यांना काट्यावर उभं करायचे. तीन शनिवार बनूचं वजन उतरत गेलं. तिसऱ्यांदा डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले, एवढं दूध पिऊन पोरगी उतरतेय, मला कळत नाही. आणि मला तेव्हासुद्धा काय वाटलं ऐक. मला वाटलं, नुसतं दूध आणून तापवलं तरी एवढी पिडा लागली, पाजलं असतं तर पोरगी हातची गेलीच असती. तेव्हा मी ठरवलं की देणारा शोधायचा आणि त्याचे पाय धरून सांगायचं, बाबा, तुझी पिडा दुसरीकडं ने.

उजाडताना उठलो आणि दूध येतं त्या वाटेनं चालत गेलो. कोसभरावर नदीकाठची एक वाडी लागली. तिथं एक थोराड बाई डोक्यावर घागर घेऊन दारोदार फिरत होती. हरणाबाई तिचं नाव. वरच्या आळीपासून खालच्या आळीपर्यंत प्रत्येक घरातली बाई बाहेर येई, धार काढल्या काढल्या तांब्याभर दूध घागरीत ओती आणि आत जाई. कुणाचं किती, कुणाचं पाणी घातलेलं, कुणाचं निकं, काही बघणं नाही. सगळ्यांचं एकत्र झालेलं, म्हणून नाव सांगायचा प्रश्नच नव्हता, हे मला तेव्हा कळलं. तरी मी तिला गाठलं आणि विचारलं, बाई, या गावावर कसली पिडा आलीय? ती थांबली, मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "आवं पाव्हणं, पिडा उतरवायची तर उडीद देत्यात, त्याल देत्यात. म्हशीचं धारोष्ण दूध देऊन कोण पिडा उतरवतंय? आमच्या गावाला येवढी बी अक्कल न्हाई वाटतं तुमास्नी?" आजूबाजूच्या बाया हसायला लागल्या. एक म्हणाली, "हरणे, त्येंच्या गावात म्हशी स्वस्त असत्याल."

मी खाली मान घालून तिच्या मागनं चालत राहिलो. सगळ्यांत शेवटी ती आपल्या स्वतःच्या दारात थांबली, घागर उतरवली, आतनं भरलेली कासंडी आणली आणि सगळी ओतली. दुसऱ्यांनी तांब्या दिला, हिनं कासंडी. मी विचारलं, एवढं का? ती पदरानं घागरीचं तोंड पुसत म्हणाली, "माझ्या तात्याबाच्या वाटणीचं हाय. तितंच हुता धा म्हैनं, ह्याच दुधावर. दोन वर्सं झाली जाऊन. पोरगा गेला, पर म्हस काय आटली न्हाई. त्येच्या वाटणीचं दूध घरात कुणाच्या घशाखाली उतरंना, आन् ओतून टाकायचा जीव हुईना. आता तितं कुणाचं तरी लेकरू पितंय न्हवं, म्हणून सकाळी उठून धार काढाय बसू वाटतंय मला."

लालासाहेब, ज्या आईला ते ओतून टाकवेना, तिच्या लेकाच्या वाटणीचं दूध मी एकवीस दिवस मातीत ओतलं होतं. घागर मी माझ्या डोक्यावर घेतली. ती नको नको म्हणत असतानाही आरोग्यधामापर्यंत मीच वाहून नेली. एवढंच माझ्यानं झालं. हरणाबाई अजून आहे, अजून घागर फिरवते, आणि मी तिला आजतागायत ते सांगितलेलं नाही.

त्या दिवशी दूध तापवून मी बनूपुढं पेला धरला. डॉक्टरांनी पुन्हा सुरू केलंय, असं काहीतरी बोललो. तिनं दोन्ही हातांनी पेला घेतला, सगळा प्यायली, आणि पदराआडून हळूच म्हणाली, "मामंजी, निंबाच्या बुडाला लय मुंग्या लागल्यात. बायका इचारत हुत्या. मी सांगितलं, आमचं मामंजी मुंग्यांस्नी साखर घालत्यात." तिला पहिल्या आठवड्यापासून सगळं ठाऊक होतं, गड्या. सासऱ्याचा मान जाऊ नये म्हणून पोरगी गप्प राहिली होती. आपण घराण्याचा मान मान म्हणतो ना, तो असा दुसरंच कुणीतरी आपल्या जिवावर सांभाळत असतं.

पुढचं तुला ठाऊक आहे. पाचव्या शनिवारी काटा पहिल्यांदा वर सरकला. चौदा महिन्यांनी मी तिला गाडीत बसवून घरी आणलं. आज ती अंगणात शेंगा फोडत बसलीय आणि तिची तीन वर्षांची विनोदिनी फोडलेल्या शेंगा खाऊन संपवतेय. मी काय लिहितोय म्हणून बनूनं दोनदा विचारलं. त्रेचाळीस साली लढाईवरनं घरी आलेला मानसिंग तिकडं गुऱ्हाळावर आहे. आमच्या गावात आता रीतच पडलीय, कुणाचंही गुऱ्हाळ लागलं की पहिल्या काहिलीची एक गुळाची ढेप मिरजेला जाते. बाया जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवून धाडतात. आकाराम ज्या वाकळीवर आठ दिवस निजला, तीही कुठल्या तरी गावच्या बायांनी अशीच शिवलेली असणार. कुठल्या गावच्या, ते कुणी विचारत नाही.

तुझा शाळू रानात उभा आहे, काढणीला माणूस नाही, हेही मला दिसतंय. सांगलीच्या हळदीच्या वखारीत राबून घर चालवणारा तुझा पोरगाच आडवा झाला, आणि तू त्याच्या उशाशी बसलास तर रान कोण बघणार? म्हणून काल रात्रीच पारावर विषय काढला. आमच्या गावची दहा माणसं विळे घेऊन तुझ्याकडं येतात. शाळू काढून, कणसं मोडून, कडबा रचूनच परततील, आणि पुढं नांगरटीला औतं घेऊन बिनमजुरीची इर्जिक घालायला पुन्हा येतील. इर्जिकीच्या माणसांना रानधन्यानं जेवण घालायचं असतं, पण आमची माणसं आपली भाकरी बांधून आणतील. तू त्यांच्यासाठी चूल पेटवत बसू नकोस. तुझी चूल मिरजेच्या पडवीत पेटली पाहिजे.

आता हे सगळं तोंडी सांगायला न येता मी पत्र का लिहितोय, ते सांगतो. डॉक्टर म्हणाले, खाट रिकामी ठेवता येत नाही, म्हसवडची एक पोर नंबर लावून बसलीय. बरोबरच आहे त्यांचं. मला काही सुचेना, तेव्हा डोक्यावरचा पटका काढला आणि आकारामच्या खाटेवर ठेवला. सिस्टरबाई रागावल्या, म्हणाल्या, हे आता उकळून घ्यावं लागेल. म्हटलं उकळा, पण येत्या सोमवारपर्यंत हलवू नका. डॉक्टर माझ्या टकलाकडं बघून सोमवारपर्यंत कबूल झाले. मिरजेपासून शिराळ्यापर्यंत मी उघड्या डोक्यानं आलो. वाटेत तीन जणांनी विचारलं, घरात कोण गेलं? सगळ्यांना सांगितलं, कुणी जाऊ नये म्हणून पटका ठेवून आलोय. पटका परत डोक्यावर आल्याबिगर मी तुझ्या गावच्या वेशीत कसा शिरू? म्हणून हे पत्र. सोमवारच्या सकाळच्या छोट्या गाडीनं आकारामला घेऊन मिरजेला उतर. आला नाहीस तर मंगळवारी मी स्वतः पटका उचलीन आणि म्हसवडच्या पोरीला त्या खाटेवर बसवीन, कारण तिच्याही घरी कुणीतरी वाट बघत असेल. पण तुझ्या पोराच्या जागेवरून पटका उचलायची पाळी माझ्या हातावर आणू नकोस. मी फलाटावर उभा असेन. ओळखायला अवघड नाही, सगळ्यांत उघडं डोकं माझंच असेल.

तुझाच,
नाथाजी