सिंकमधल्या वाती

मंगळवार, १४ ऑक्टोबर

बरेच दिवस वही उघडली नाही, चुकलंच.

सकाळी सिंक तुंबलं तेव्हा भांडी घासणाऱ्या मंदामावशींना मी सरळ म्हणाले, "खरकटं तुम्हीच सोडता." त्या म्हणाल्या, "ताई, मी सगळं गाळून कचऱ्यात टाकते, तुमच्या देखत!" मी ऐकलंच नाही.

संध्याकाळी बादली लावून खालचा पाइप सोडवला. भाताचं एक शीत नव्हतं. तुपात थिजलेल्या, जळक्या फुलवाती, मूठभर. देवाची भांडी मी मावशींच्या हाती देत नाही, स्वतःच घासते. म्हणजे वाती माझ्याच.

हे म्हणाले, "पाणी जातंय ना? मग झालं."

झालं का? आणि देवाची भांडी मावशींना का देत नाही मी?

उद्या: मावशी आल्या आल्या चूक माझी होती हे सांगणे.