बघणाऱ्याने बोलू नये

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज शाळेच्या बुद्धिबळ क्लबात तासभर शांतता पाळली. तिची खरी किंमत लिहून ठेवतो: लिमलेटची दोन पाकिटं, खिडकीची एक काच, क्लबातल्या हितेशचा एक कान (थोडासाच ओढला) आणि क्रांती मॅडमची मर्जी. तासही पुरता झाला नाही, पण सुरुवात आहे.

क्रांती मॅडम मुख्याध्यापिका. म्हणाल्या, भागोशेठ, पट तुम्ही दिलेत म्हणून अध्यक्षही तुम्हालाच केलं. पण शेजारच्या वर्गात परीक्षा चालली होती. असंच चाललं तर क्लब बंद, आणि खोलीत खिचडीच्या तांदळाची पोती. मी म्हटलं, मॅडम, क्लीनर होतो तेव्हा नुसत्या आवाजावरून सांगायचो कुठला टायर बसणार. आठवीत शाळा सुटली, आज दारात सहा टेंपो. माझ्या कानातून काय सुटत न्हाय. मी आहे तोवर टाचणी पडली तरी ऐकू येईल. मी नसलो तर ही पोरं पाच मिनिटं गप्प बसायची नाहीत.

नात साक्षी सातवीत आहे. क्लबातली सगळ्यात हुशार. जेवताना म्हणाली, आजोबा, क्लब बंद झाला तर मी फोनवर खेळायचं का? फोन हरला तर हात मिळवत नाही.

ताटावरून उठलो. ठरवलं: शिस्त.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नियम तयार. पुठ्ठ्यावर, लाल मार्करने. हात लावला ती सोंगटी चालवायची. डावाआधी आणि नंतर हात मिळवायचा, पिरगाळायचा नाही. हरणाऱ्याने पट उलटा करू नये (हितेश). जिंकणाऱ्याने नाचू नये (हितेशच). आणि सगळ्यात मोठ्या अक्षरात: बघणाऱ्याने बोलू नये.

शेवटचा नियम माझा खास. राजाला डावात एकदा घोड्याची उडी, अडीच घरं. मांडव्याला लाँचच्या धक्क्यावर आम्ही जन्मभर असंच खेळलो. साक्षी म्हणाली, आजोबा, स्पर्धेत असं काही नसतं, राजाला उडीबिडी नाही. मी म्हटलं, इतक्या वर्षांत धक्क्यावरचा एकही राजा तक्रार घेऊन आला नाही. तिने मार्कर घेतला आणि तो नियम खोडला.

पोरीला अनुभव नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

वाईट दिवस. गणराज हत्ती उचलून भलत्याच घरात ठेवायला निघाला. मला नुसता खोकला आला. थंडी पडलीय, माणसाला खोकला येतो. त्याने हत्ती जागेवर ठेवून घोड्याला हात घातला. हितेश किंचाळला, शेठ खोकले, शेठ खोकले! हत्तीला हात लावला, हत्तीच चालवायचा! मी म्हटलं, खोकल्यावर नियम नाही. मग सगळेच ओरडायला लागले. गप्प बसा म्हणून मीही. पलीकडच्या वर्गाच्या बाई धावत आल्या, कुणाला साप चावला का विचारत.

नवा नियम: ओरडणारा बाहेर.

घरी येऊन बायकोला वाचून दाखवला. सुचिता म्हणाली, मग तुमी आज कितीदा बाहेर गेलाव?

या घरात शिस्तीवर बोलायची सोय नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मागच्या बाकावरची कुजबुज टिपली. हितेश गणराजला शिकवत होता: शेठ एकदा खोकले की घोडा बघ, दोनदा खोकले की उंट. शेंगदाणे चावायचे थांबले की समज, मेलास.

पोरांची नजर तयार होतेय. कुणामुळे?

पण साक्षी हसली नाही. तेवढंच टोचलं.

माझी बाजू लिहून ठेवतो. धक्क्यावर एक डाव आठ जण खेळतात. दोघं बसतात, सहा जण चालवतात. लाँच येईपर्यंत चालूच असतं: अरे घोडा काढ, काय नांगर टाकून बसलास? तिथे गप्प उभा राहिला त्याला लोक विचारतात, तब्येत बरी नाही का. मी तिथे शिकलो. याला दोष म्हणत नाहीत, वळण म्हणतात. आता मोडायचं. पुढच्या शनिवारी तोंडात लिमलेट. एका वेळी दोन.

६ डिसेंबर, शनिवार

दोन लिमलेट तोंडात होत्या. साक्षीचा वजीर उघडा पडला. एक गोळी घशात गेली. पाठीत थापा मारायला अख्खा क्लब उठला, पट आडवे, सोंगट्या बाकांखाली. मॅडम दारात उभ्या. रागावल्या नाहीत, तेच वाईट. एवढंच म्हणाल्या, चौदाला अलिबागला शाळांची स्पर्धा आहे. तिथून एक तक्रार आली की सोमवारी तांदूळ आत.

साक्षी घरापर्यंत माझ्यापुढे चालली. वळून पाहिलं नाही.

१० डिसेंबर, बुधवार

सकाळपासून मौनाचा सराव. सुचिता म्हणाली, कोण गेलं का? मान हलवली. ड्रायव्हर रितेशचा फोन: शेठ, गाडी वडखळला बंद पडली. मी गप्प. शेठ? शेठ? रेंज न्हाय वाटतं, मी आपला जेवून घेतो.

तिथे मौन संपलं. फार जोरात संपलं. पण त्याच्या आधीचा भाग यशस्वी.

साक्षी जवळ येऊन बसली. म्हणाली, आजोबा, तुम्ही रविवारी येऊ नका ना. मी म्हटलं, अध्यक्षाशिवाय संघ म्हणजे ड्रायव्हरशिवाय टेंपो. ती म्हणाली, उतारावर चालतो तो.

शेवटी शपथ घेतली माझ्याकडून. काही झालं तरी बोलायचं नाही, खोकायचंही नाही. देवाची नको म्हणाली. सहा टेंपोंची.

१४ डिसेंबर, रविवार. सकाळी, अलिबाग

हॉल मोठा. तोंडाला रुमाल बांधलाय. दोघांनी विचारलं, दाढ काढली का. मान हलवली. आज जमणार.

त्याच दिवशी, दुपारी, गेटपाशी

लिहायला वेळच वेळ आहे.

साक्षीचा दुसरा डाव, किहीमच्या मुलीशी. हिचा राजा कोपऱ्यात. शह. पुन्हा शह. मी रुमाल चावला, खुर्ची धरली. जायला एक घर नव्हतं, आणि तिथून अडीच घरांवर लख्ख मोकळं. मग कोणीतरी ओरडलं आणि तोंड माझंच निघालं: अगं उडी मार! अडीच घरं! अजून शिल्लक हाय!

सगळ्या हॉलने माना वर केल्या. हितेशने कपाळावर हात मारला. साक्षीने पाहिलं नाही. पटाकडेच बघत होती, कान लाल. पंच तरुण पोरगा, नम्र. म्हणाला, काका, नातीला शिक्षा नाही, तिची चूक नाही. तुम्ही तेवढे बाहेर. चपला हातात घेऊन निघालो.

क्लब बुडवला मी. तिने एवढंच मागितलं होतं. वडापाव घेतला, खाववला नाही. (अर्धा खाल्ला.)

संध्याकाळी, घरी

साक्षी तो डाव हरली. उठून हात मिळवला, आणि आजोबांना माफ कर म्हणाली, असं गणराज सांगतो. हितेश हरला आणि त्याने दोघांच्या सोंगट्या डब्यात भरल्या. कप किहीमला. शिस्तीचं बक्षीस आमच्या शाळेला. अध्यक्षांचं नाव घ्यायचं राहिलं, घाईत असतील.

मॅडमनी पंचाला तक्रारीचं विचारलं. तो म्हणाला, मुलांची एकही नाही. क्लब राहणार. तांदूळ जिन्याखाली.

जेवताना साक्षीने आपल्या ताटातला बोंबील माझ्या ताटात टाकला. मग पुठ्ठ्यावर नियम वाढवला: अध्यक्षांनी खिडकीबाहेर बसावं. मी मंजूर केला. तिथली काच फुटलेलीच आहे, ऐकू येईल.

एक लिहायचं राहिलं. दुपारी मी हॉलच्या बंद दाराला कान लावून उभा होतो. आत सगळे डाव चालू होते. काही ऐकू आलं नाही.