एसीची किंमत उतरणारच

६ एप्रिल, सकाळ
आजपासून लिहून ठेवणार. पुरावा पाहिजे.
मिनल, आमची एकुलती एक पोरगी, १ मेला अकोल्याहून बाळंतपणासाठी घरी येते. पहिलं बाळंतपण. मागच्या खोलीला खिडकी नाही, कूलर लागत नाही. एसीच पाहिजे. ॲपवर दीड टनाचा पाहिला. ३४,९९०. बायको, मनकर्णा, म्हणाली, घेऊन टाका. तिला मार्केट कळत नाही. मी पंचवीस वर्षं वाडीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात ट्रकचं भाडं ठरवतो. थांबलं की किंमत उतरते. ३२ ला घेणार. निश्चय.

७ एप्रिल
३५,४९०. एका दिवसात पाचशे! कालपासून एसीतलं तांबं महाग झालं काय?

९ एप्रिल
दुपारी ३६,९९०. संध्याकाळी ३६,२९०. म्हणजे स्वतःलाच माहीत नाही वस्तू केवढ्याची आहे. ऑफिसातल्या प्रशिकला दाखवलं. तो म्हणाला, "भाऊ, ऊन वाढलं, लोक पाहून राहिले, म्हणून वाढते. कॉम्प्युटरच ठरवते." म्हटलं, ही दरोडेखोरी आहे. गरजवंत दिसला की खिसा कापायचा!
डोकं तापलेलं असतानाच एक कूलरवाला आला. रायपूरला माल पाठवायचा होता, अर्जंट. गाड्या कमी, पार्ट्या जास्त. चार हजार वाढवून सांगितले. कुरकुरला, पण दिले. प्रशिक माझ्याकडे बघत राहिला. त्याला समजावलं, हा बिझनेस आहे. ते वेगळं.

१४ एप्रिल
जयंतीची सुट्टी. दिवसभर लक्ष ठेवलं. अडतीस वेळा पाहिलं. एकदाही उतरली नाही. निर्लज्ज.

२० एप्रिल, सकाळी ९
नवा निश्चय. तीन दिवस ॲप उघडायचं नाही. गिऱ्हाईक हातचं गेलं हे कंपनीला कळू दे.

२० एप्रिल, ११.४०
उघडलं. घ्यायला नाही, ते घाबरले की नाही हे बघायला. ३८,४९०. घाबरलेत. घाबरलेला माणूसच असा वागतो.

२६ एप्रिल
माझ्या फोनवर ४०,४९०. मनकर्णाच्या फोनवर ३९,९९०. तीच कंपनी, तोच एसी, तेच घर! माझ्या तोंडावर काय लिहिलं आहे? एवढा संताप आला की वरण सांडलं.
मग डोकं चालवलं. ऑफिसातले आठ जण आणि मी, नऊ फोनवर एकदम कार्टमध्ये टाकून ठेवायचा आणि कोणी घ्यायचा नाही. बसू दे कंपनीला वाट पाहत.
संध्याकाळी ॲपवर लाल अक्षरं. "फक्त २ शिल्लक." ४१,९९०.
प्रशिक म्हणाला, "भाऊ, तुमीच मागणी वाढवून राहिले नं."
त्याचं वय लहान आहे.

१ मे
मिनल आली. पाय सुजले आहेत, पण चेहरा छान. ४४ डिग्री. तात्पुरती हॉलमध्ये कूलरसमोर झोपवली. एसी कधी येते, तिने विचारलं. म्हटलं, आलाच समज.
मनकर्णाने संध्याकाळी ओढत सदरच्या एका एसीच्या दुकानात नेलं. दुकानदार ३७,५०० म्हणाला, फिटिंगसकट. ॲपपेक्षा स्वस्त, हे मान्य. पण एप्रिलमध्ये मी ३४,९९० पाहिला आहे, स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे. दाखवला. तो म्हणाला, "मंग तवाच घ्याचा होता नं काकाजी." ही काय बोलायची पद्धत? तत्त्व म्हणून उठलो. मनकर्णा रस्ताभर बोलली नाही. दमली असेल.

६ मे
हॉलमध्ये पाहुणे येतात, मिनलला उठून बसावं लागतं. कूलरच्या दमट हवेने खोकलाही लागला. मला म्हणाली, "बाबा, राहू द्या एसी. मी करतो ॲडजस्ट." गुणी पोरगी. तिच्यासाठीच तर लढतो आहे. ४३,४९०.

१२ मे
४५.८ डिग्री. मिनलला बाथरूमच्या दारात चक्कर आली. मनकर्णाने धरलं म्हणून पडली नाही. डॉक्टर म्हणाल्या, बाळ ठीक आहे, पण आई थंड खोलीतच पाहिजे, आजच्या आज.
धावत सदर. तोच दुकानदार. स्टॉक संपला, दहा दिवस लागतील. लकडगंजला दोन दुकानं पाहिली. नाही. ॲपवर ४५,९९०, डिलिव्हरी नऊ दिवसांनी.
कंपनीला ईमेल लिहिला. चार पानं. गर्भार बाईच्या जिवावर उठलात, असं स्पष्ट लिहिलं. लगेच उत्तर आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

१४ मे
जावई दुर्गेश गाडी घेऊन आला. शांत मुलगा. म्हणाला, "बाबा, आमच्याकडं एसी आहे. नेतो मी तिले." त्याने केवढ्याला घेतला विचारलं. आठवत नाही म्हणाला. मार्चमध्ये घेतला म्हणे, मिनलला उकडत होतं म्हणून. लोक असे घेतात, म्हणून या कंपन्या माजतात.
बाळाची दुपटी मनकर्णाने कपाटात लावून ठेवली होती. परत पिशवीत भरली. मनकर्णाही सोबत निघाली. गेटपाशी मला म्हणाली, "पोरगी माह्याकडं माहेरपणाले आली होती जी. तुमच्या ॲपवर नोती आली."
उन्हामुळे चिडली.
मिनलने वाकून नमस्कार केला. वाकू नको म्हटलं, तरी केला.

२७ मे
४४,९९०. स्वतःच्या हाताने पोळ्या. करपल्या. निश्चय कायम.

५ जून
४०,४९०. वळलं वारं! प्रशिकला सांगितलं. "बरं झालं, भाऊ," म्हणाला आणि ट्रकच्या मालाची बिल्टी लिहीत राहिला.

११ जून
३३,९९०! घेतला. सहासष्ट दिवस. ३२ नाही, पण ३३ म्हणजे ३२ च. कंपनीला गुडघ्यावर आणलं.

१३ जून, दुपार
एसी लागला. फिटरने विचारलं, इथं कोण झोपते? म्हटलं, मुलगी.
तो गेला आणि अकोल्याहून मनकर्णाचा फोन. मुलगी झाली. सकाळी साडेसातला. दोन किलो नऊशे. दोघी चांगल्या आहेत. वजन पुन्हा एकदा विचारलं. मग म्हटलं, एसी लागला आहे, घेऊन ये दोघींना.
मनकर्णा म्हणाली, "सव्वा महिना बाळंतीण हालत नाही जी. तवापर्यंत जुलै सरून राहते."
मग थोड्या वेळाने तिनेच विचारलं, केवढ्याले भेटला?
सांगितलं.
"बरं," म्हणाली. मागे बाळ रडत होतं. फोन ठेवला.

१३ जून, संध्याकाळ
मिनलच्या खोलीत बसलो आहे. एसी चालू. ॲपने विचारलं, खरेदीचा अनुभव कसा वाटला? एक स्टार दाबला. म्हणे, कारण लिहा.
अर्धा तास झाला. काही सुचत नाही.